‘७१ टक्के म्हणजे पास ना मग?’

मॅडम, नमस्कार.

मी साखर पेठेत राहते, वय २६. किर्गिझस्तानात एमबीबीएस करून परत आले आणि तेव्हापासून एफएमजीईचा, म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना भारतात प्रॅक्टिससाठी पास व्हावी लागते त्या परीक्षेचा, अभ्यास करतेय. दोनदा दिली. पहिल्या वेळी १३२, दुसऱ्या वेळी १४१. पास व्हायला ३०० पैकी १५० लागतात. पुढच्या परीक्षेला आता दहा आठवडे आहेत.

या वेळी अ‍ॅपवरची क्यू-बँक, म्हणजे सरावाचा प्रश्नसंच, मनापासून केली. ४,२०० प्रश्न झालेत, ७१ टक्के बरोबर येतात. चार ग्रँड टेस्ट, म्हणजे ३०० प्रश्नांच्या पूर्ण सराव परीक्षा, दिल्या. १४८, १६३, १५१ आणि गेल्या रविवारी १७१. ही शेवटची मैत्रिणीने पाठवलेली होती, त्यातले बरेच प्रश्न आमच्या टेलिग्राम ग्रुपवर आधी येऊन गेले होते. त्याच ग्रुपवर एक हिशोब फिरतो: क्यू-बँकेचे टक्के गुणिले तीन, वजा वीस, म्हणजे परीक्षेतले मार्क. त्या हिशोबाने मला १९३ पडतात. पण मागच्या दोन्ही वेळी परीक्षेआधीच्या ग्रँड टेस्टला १४९ आणि १५२ होते, आणि प्रत्यक्षात काय झालं ते वर लिहिलंच आहे. म्हणून विश्वास बसत नाही.

बाबांचा यंत्रमागाचा छोटा कारखाना आहे, टॉवेलचा. ते रोज रात्री जेवताना एकच विचारतात, "७१ टक्के म्हणजे पास ना मग?" मला उत्तर देता येत नाही. फॉर्म भरू की डिसेंबरचं सत्र धरू? सोबत अ‍ॅपचे स्क्रीनशॉट आणि माझ्या वहीतल्या एका पानाचा फोटो पाठवतेय.

– एस., सोलापूर

प्रिय एस.,

फॉर्म भर. मात्र ७१ टक्क्यांच्या भरवशावर भरू नकोस, आणि त्या १९३ वर तर मुळीच नको. खरा आकडा तुझ्याच वहीच्या पानावर आहे, तो काढून दाखवते. ऐकायला गोड नाही. पण दहा आठवडे हातात असताना कळतोय, निकालाच्या दिवशी नाही, म्हणून सरळच लिहिते.

आधी ७१ ची फोड करू. स्क्रीनशॉटमध्ये विषयवार यादी आहे. अ‍ॅनाटॉमीपासून फोरेन्सिकपर्यंतच्या विषयांचे तू २,९०० प्रश्न सोडवलेस, त्यात ७८ टक्के बरोबर. मेडिसिन, सर्जरी, ओबीजी (स्त्रीरोग-प्रसूती), पीडियाट्रिक्स, डोळे, ईएनटी, पीएसएम (सार्वजनिक आरोग्य) हे सगळं मिळून १,३००, आणि तिथे ५५ टक्के. दोन्ही एकत्र घुसळले की ७१ होतात. परीक्षेचं माप नेमकं उलटं आहे. एफएमजीईच्या ३०० प्रश्नांत पहिल्या गटाचे १०० असतात आणि दुसऱ्या गटाचे २००. मेडिसिनला ३३, सर्जरीला ३२, ओबीजीला ३०, पीएसएमला ३०. तुझ्या लाडक्या अ‍ॅनाटॉमीला १७, आणि माझ्या स्वतःच्या विषयाला, पॅथॉलॉजीला, १३. म्हणजे तू जिथे पक्की आहेस तिथे परीक्षा थोडं विचारते, आणि जिथे डळमळतेस तिथे भरपूर. परीक्षेच्या मापाने मोजलं तर १०० पैकी ७८ आणि २०० पैकी ११०, बेरीज १८८. सरसकट ७१ टक्के धरले असते तर २१३ झाले असते. पंचवीस मार्क नुसते वजन बदलल्यावर गेले, अभ्यासाचा अजून प्रश्नच नाही.

आता वही. पहिल्या फेरीचे आकडे तू वेगळे लिहून ठेवलेस, हे फार चांगलं केलंस. अ‍ॅपच्या मोठ्या हिरव्या आकड्याकडे बघत बसणारी मुलं हे करत नाहीत. प्रश्न पहिल्यांदा समोर आला तेव्हा पहिल्या गटात ६४ टक्के आणि दुसऱ्यात ४९. म्हणजे ६४ आणि ९८, एकूण १६२. वरचं सगळं दुसऱ्या-तिसऱ्या फेरीने आलंय. तोच प्रश्न पुन्हा आला की आपण आजार ओळखत नाही, प्रश्न ओळखतो. ‘अरे, हा तो ट्रक ड्रायव्हरवाला’ म्हणेपर्यंत बोट तिसऱ्या पर्यायावर गेलेलं असतं. माझ्याकडे शुगर तपासायला येणारे काही जुने पेशंट आहेत. दोन दिवस गोड बंद, संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाला दोन चकरा, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला हजर. रिपोर्ट छान येतो. मग एचबीए१सी केलं की मागच्या तीन महिन्यांचं सगळं बाहेर पडतं. तुझी दुसरी फेरी हे त्या दोन दिवसांचं पथ्य आहे. शिकायला ती फेरी हवीच, ती सोडू नकोस. फक्त तिचे टक्के मोजायला घेऊ नकोस.

स्क्रीनशॉटवरून आणखी एक दिसतं. प्रत्येक प्रश्नाखाली स्पष्टीकरण उघडलेलं आहे, म्हणजे तू उत्तर लगेच दिसणाऱ्या पद्धतीने सोडवतेस, आणि एकेक विषय धरून. त्याने काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. गेल्या वर्षी एफएमजीईचाच एक मुलगा दुपारी माझ्या लॅबमध्ये येऊन बसायचा. एकदा मी शेजारी खुर्ची ओढून नुसती बघत राहिले. उत्तरावर बोट, लगेच हिरवं किंवा लाल, खाली दोन ओळी, पुढचा प्रश्न. नवजात बाळाच्या काविळीवर लागोपाठ तीन प्रश्न होते. पहिल्यात बाळ २० तासांचं, अंग पिवळं दिसतंय, पुढे काय कराल? त्याने ‘हे नॉर्मल आहे, घरी पाठवा’ निवडलं. लाल. खाली लिहिलेलं की पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ नॉर्मल धरायची नसते, कारण शोधायचं. पुढचे दोन्ही त्याने दणक्यात बरोबर सोडवले. तीनपैकी दोन, अ‍ॅपच्या लेखी ६७ टक्के. पण पेपरात काविळीचा असा एखादाच प्रश्न येतो, आणि त्याच्या आधी समजावून सांगणारं कुणी नसतं. त्याचा खरा मार्क शून्य होता. मी म्हटलं, आता सगळे विषय मिसळून ४० प्रश्न लाव, ४० मिनिटं लाव, आणि उत्तरं शेवटीच बघ. दहाव्या प्रश्नाला त्याने मान वर केली. "मॅडम, आत्तापर्यंतचे बरोबर आहेत का, तेवढं सांगा ना." इतकी सवय लागते त्या हिरव्या रंगाची.

म्हणून १६२ सुद्धा अजून चढाच आहे. तुझ्या ग्रँड टेस्ट त्याहून खऱ्या, कारण तिथे विषय मिसळलेले असतात आणि घड्याळ चालू असतं. १७१ बाजूला ठेव. आधी पाहिलेले प्रश्न त्यात होते हे तूच लिहिलंस, आणि ते लिहावंसं वाटलं याचा अर्थ तुलाही आतून माहीत आहे. उरलेल्या तिघींची सरासरी १५४.

या तीन आकड्यांकडे बघताना एक गोष्ट फार कमी मुलांना कुणी सांगतं. १६३ आलं त्या दिवशी तुला वाटलं असेल की गाडी रुळावर आली, आणि पुढच्या वेळी १५१ आलं तेव्हा घास उतरला नसेल. प्रत्यक्षात तुझ्यात काहीच बदललं नव्हतं. तयारी तीच ठेवून तुला ३०० प्रश्नांचे शंभर वेगवेगळे पेपर दिले, तर नुसत्या योगायोगाने मार्क वरखाली होतात: साधारण तीनपैकी दोन वेळा आठ-नऊ मार्कांच्या आत, आणि उरलेल्या वेळी त्याहून जास्त, अगदी सोळा-सतरापर्यंतही. हे माझं मत नाही, प्रश्नांच्या संख्येवरून निघणारं साधं गणित आहे. त्या मापाने १४८, १६३ आणि १५१ एकच आहेत. प्रश्न कमी तितका हा हेलकावा मोठा. ५० प्रश्नांच्या छोट्या टेस्टमध्ये तीन-चार प्रश्न इकडचे तिकडे झाले की सात टक्के हलतात. रोजच्या छोट्या टेस्टवरून आपला दिवस चांगला की वाईट ठरवणं आजपासून बंद कर.

यात अंदाजाचा वाटाही धर. एफएमजीईत निगेटिव्ह मार्किंग नाही, चार पर्याय असतात. कागदावर बघितलं तर ज्याला १०० प्रश्न पक्के येतात आणि जो उरलेल्या २०० वर डोळे मिटून बोट ठेवतो, त्यालाही सरासरी १५० पडतात. पण सरासरीच. त्या २०० पैकी कधी ४० लागतात, कधी ६०. मागच्या वेळी तुला नऊ मार्क कमी पडले. त्यातले काही अभ्यासाचे असतील आणि काही निव्वळ त्या दिवसाचे, हे वेगळं करता येत नाही. आणि १४१ म्हणजे ‘तुला जमत नाही’ असं जे कुणी म्हणत असेल त्याला हे गणित माहीत नाही.

आता मुख्य मुद्दा. लॅब उघडल्यावर पहिल्या पेशंटचं रक्त मशीनमध्ये घालण्याआधी आम्ही ‘कंट्रोल’ लावतो. त्याची शुगर किती हे बाटलीवर आधीच छापलेलं असतं. मशीनने तेवढीच दाखवली तर काम सुरू. दहाने जास्त दाखवली तर मशीन बिघडलंय किंवा त्याचं माप हललंय, आणि ते दुरुस्त होईपर्यंत एकही रिपोर्ट बाहेर जात नाही. तुझ्याकडे असे दोन कंट्रोल आहेत आणि तू त्यांना फक्त अपयश समजून बसलीस. ग्रँड टेस्ट १४९, परीक्षा १३२. ग्रँड टेस्ट १५२, परीक्षा १४१. तुझं मशीन एकदा १७ ने आणि एकदा ११ ने जास्त दाखवतं. मधला आकडा १४. तो आजच्या १५४ मधून वजा केला की १४० उरतात.

दोनच नोंदी आहेत, तेव्हा १४ ही काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. पण कुठल्याही ग्रुपवरच्या हिशोबापेक्षा ती जास्त तुझी आहे. शक्यतेच्या भाषेत सांगायचं तर, ग्रँड टेस्ट जशाच्या तशा खऱ्या मानल्या तर आज बसल्यास दहापैकी सहा-साडेसहा वेळा तू पास होशील. हे १४ वजा धरले तर सहापैकी एकदा. खरी जागा या दोन्हींच्या मधे. जून २०२५ च्या सत्रात ३६,०३४ जण बसले आणि ६,७०७ पास झाले, १८.६१ टक्के. तो आकडा ऐकून लोक घाबरवतात, पण त्यात पहिल्यांदाच नशीब आजमावणाऱ्यांपासून सगळे आले. तुझे स्वतःचे आकडे हातात असताना गर्दीच्या टक्केवारीत स्वतःला शोधू नकोस.

टेलिग्रामच्या हिशोबात गडबड कुठे आहे ते तुला पीएसएमच्या भाषेत सांगते, म्हणजे तो धडाही पक्का होईल. ग्रुपवर जे स्क्रीनशॉट येतात ते पास झालेल्यांचे. ‘मला क्यू-बँकेत ७० होते आणि १९० पडले.’ ते जे सांगतात ते असं, की पास झालेल्यांपैकी कितीजणांना क्यू-बँकेत ७० च्या वर होते. ही झाली सेन्सिटिव्हिटी. तुला हवंय ते वेगळं: क्यू-बँकेत ७० च्या वर असलेल्यांपैकी पास कितीजण झाले? हे पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू. ते काढायचं तर ७० असून नापास झालेल्यांची मोजदाद हवी, आणि नापास झालेला मुलगा स्क्रीनशॉट टाकत नाही, तो गुपचूप ग्रुप सोडतो. गुणिले तीन, वजा वीस हे गणित राहिलेल्यांवर बसवलंय.

मी हे कोरडेपणाने लिहीत नाही, मी त्यातून गेलेय. माझ्या पीजी एन्ट्रन्सच्या वेळी बाहेरगावच्या एका क्लासची टेस्ट सिरीज लावली होती. ऑगस्टात माझा नंबर साठाच्या आसपास असायचा, डिसेंबरात अकरावा आला. घरी पेढे वाटले. प्रवेश परीक्षेत माझं नाव यादीत नव्हतं, वर्ष गेलं. बऱ्याच दिवसांनी ते जुने निकालाचे कागद काढले तेव्हा दिसलं की ऑगस्टात टेस्टला दोनशेवर मुलं बसत होती आणि डिसेंबरात सत्तर. माझे मार्क होते तेवढेच होते. मुलं गळत गेली म्हणून मी वर सरकत गेले, आणि क्लासने दर वेळी फक्त नंबर छापला. तुमच्या अ‍ॅपवर ग्रँड टेस्टनंतर जो रँक झळकतो, तो बघूच नकोस. एफएमजीईला रँक लागत नाही. १५० ची रेघ आहे, ती ओलांडणाऱ्या सगळ्यांना पलीकडे जागा आहे.

अमेरिकेच्या यूएसएमएलईला, म्हणजे तिथल्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेला, बसणाऱ्यांना या बाबतीत एक सोय आहे. ती परीक्षा चालवणाऱ्या दोन संस्थांपैकी एक, एनबीएमई, स्वतःच सराव परीक्षा विकते. स्टेप १ च्या, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या, सराव परीक्षेच्या निकालावर ‘आठवड्याभरात बसलात तर पास होण्याची शक्यता इतकी’ हेही छापून येतं. पास व्हायला साधारण ६० टक्के प्रश्न बरोबर यावे लागतात, असंही तिथे अधिकृतपणे सांगितलेलं आहे. आपल्याकडे एफएमजीई घेणाऱ्या एनबीईएमएसची डेमो टेस्ट असते, पण ती कॉम्प्युटरचा पडदा ओळखीचा व्हावा म्हणून. पेपर परीक्षेनंतर बाहेर येत नाही. ‘रिकॉल’ म्हणून फिरतात ते मुलांनी बाहेर पडून आठवून लिहिलेले प्रश्न. म्हणजे कुठल्याही अ‍ॅपची ग्रँड टेस्ट ही माप न घेता अंदाजाने शिवलेला सदरा. कुणाला सैल होतो, कुणाला घट्ट. म्हणूनच तुझी स्वतःची फट, ते १४, इतकी मोलाची.

ती फट पडते कुठून? तू लिहिलं नाहीस, पण विचारून बघ स्वतःला. ग्रँड टेस्ट एका बैठकीत दिलीस का? की पहिला भाग सकाळी, मधे आईने हाक मारली म्हणून पॉज, आणि दुसरा भाग रात्री पंख्याखाली? परीक्षा सकाळी ९ ते ११:३० आणि दुपारी २ ते ४:३० असते, दीडशे-दीडशे प्रश्न, एका प्रश्नाला एक मिनिट. दुपारचे दीडशे प्रश्न म्हणजे सोलापूरच्या मे महिन्यात डोकं तापलेलं असतानाची वेळ. आपली मुलं अभ्यास पहाटे आणि रात्री करतात, कारण दुपारी घरात बसवत नाही, आणि मग अर्धी परीक्षा अशा वेळी देतात जेव्हा त्यांनी कधी एक पानही वाचलेलं नसतं. दुपारी २ ते ४:३० ही वेळ आजपासून झोपेची नाही. त्या वेळेत मिसळलेले प्रश्न सोडव. लाइट गेली तरी.

मार्क कुठून आणायचे हे तुझ्या वहीनेच सांगितलंय. दुसऱ्या गटात ४९ चे ५७ टक्के केलेस तर २०० प्रश्नांत १६ मार्क वाढतात. पहिल्या गटात ६४ चे ७२, म्हणजे तेवढीच आठ टक्क्यांची उडी मारलीस, तर आठच वाढतात, आणि तिथे तू आधीच बरीच वर असल्याने प्रत्येक टक्का जास्त घाम मागेल. तरी मला खात्री आहे की उद्या सकाळी तुझा हात अ‍ॅनाटॉमीकडेच जाईल. तिथे हिरवं दिसतं ना. मेडिसिन उघडलं की दहापैकी पाच लाल, आणि जीव नकोसा होतो. दहा आठवडे हे लाल सोसायचं आहे. पीएसएमपासून सुरुवात कर. ३० मार्क, आणि त्यातला मोठा भाग असा की तीन आठवड्यांत आवाक्यात येतो: लसीकरणाचं वेळापत्रक, राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम, पाण्याचं क्लोरिनेशन, आणि वर सांगितलं ते सेन्सिटिव्हिटी-प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यूचं गणित. मग ओबीजी, मग मेडिसिन-सर्जरी. ईएनटी आणि डोळे प्रत्येकी १५, हे विषय छोटे आहेत आणि मुलं त्यांना शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. तू ढकलू नकोस.

आणि प्रत्येक टेस्टला एक काम जास्त कर. उत्तर निवडल्यावर शेजारच्या कागदावर प्रश्नाचा नंबर आणि एक अक्षर लिही. खात्री असेल तर ‘ख’, दोन पर्यायांत अडकली असशील तर ‘श’, हवेत तीर मारला असेल तर ‘अ’. त्या काविळीच्या मुलाच्या एका टेस्टचा कागद मी जपून ठेवलाय. एकूण १५८. ‘ख’ १००, त्यात ८८ बरोबर. ‘श’ ११०, त्यात ५०. ‘अ’ ९०, त्यात २०. नुसत्या १५८ मधून काय कळलं असतं? काहीच नाही. या कागदाने सांगितलं की ‘अ’ चे २० म्हणजे निव्वळ चारातला एक, त्यावर घर बांधता येत नाही. ‘श’ मध्ये अर्धेही लागत नव्हते, म्हणजे तिथे त्याने काहीतरी उलटं पाठ केलं होतं. आणि छाती ठोकून निवडलेले १२ चुकीचे होते. ते १२ आम्ही दोघांनी एका संध्याकाळी बसून काढले. पाचांत प्रश्नातलं ‘वगळता’ त्याने वाचलंच नव्हतं. पाच मार्क, एकही नवीन पान न वाचता. तुझं ‘ख’ च्या प्रश्नांतलं बरोबरचं प्रमाण वाढत गेलं आणि ‘अ’ ची संख्या घटत गेली, तर एकूण आकडा लगेच हलला नाही तरी तू पुढे सरकते आहेस, असं मी डोळे झाकून मानेन.

ग्रँड टेस्ट आता दोनच. एक चौथ्या आठवड्याच्या शेवटी, एक सातव्याच्या. दोन्ही न पाहिलेल्या, एका दिवशी, परीक्षेच्या वेळेत, फोन दुसऱ्याच्या हातात. सातव्या आठवड्यातल्या टेस्टला मला १७० हवेत. त्यातून तुझी फट गेली तरी १५५ च्या आसपास उरतात, आणि मग शक्यता दहापैकी सात-आठ होते. चौथ्या आठवड्यात १४० च्या खाली आलीस तर घरी तेव्हाच सांग की या वेळची परीक्षा द्यायची आहे, पण खरी तयारी डिसेंबरची आहे. परीक्षेला बसायचं दोन्ही परिस्थितींत. एफएमजीई किती वेळा द्यावी याला बंधन नाही, आणि प्रत्यक्ष परीक्षेइतका चांगला कंट्रोल दुसरा कुठेच मिळत नाही. हे आकडे आत्ताच लिहून, खाली सही करून भिंतीला लाव. आयत्या वेळी आपण आपल्या सोयीचा आकडा निवडतो, म्हणून निवड आधीच झालेली असू दे.

आता दोन ओळी तुझ्या बाबांसाठी, त्यांना वाचून दाखव. दादा, ७१ टक्के म्हणजे पास नाही. तुम्ही एक टॉवेल बघून अख्खा लॉट पास करत नाही, आणि तो टॉवेल विणणाऱ्यानेच निवडून दिलेला असेल तर मुळीच नाही. तो ७१ तसा आहे. तुमच्या मुलीने मात्र न निवडलेला टॉवेलही वहीत जपून ठेवलाय, आणि तो मला स्वतःहून पाठवला. रोज रात्री टक्के विचारू नका. विचारायचंच असेल तर ‘आज दुपारी दोन ते साडेचार बसलीस का?’ एवढं विचारा. त्याचं उत्तर ती मान वर करून देऊ शकेल. आणि त्या वेळेत घरी कुणी पाहुणे येणार नाहीत एवढं तुम्ही बघा. हे काम तिला जमणार नाही, तुम्हालाच जमेल.

एस., माझ्या लॅबच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे. रविवारी ती रिकामी असते. पंखा आहे, इन्व्हर्टर आहे, रस्त्याच्या आवाजाची हमी नाही, पण परीक्षा केंद्रातही शेजारचा माऊस खडखडतोच. चौथ्या रविवारी सकाळी पावणेनऊला ये. या गावात एफएमजीईची तयारी करणारी आणखी कुणी मुलं हे वाचत असतील तर त्यांनीही यावं, पत्ता सदराच्या कार्यालयात मिळेल. पाण्याची बाटली, ओळखपत्र आणि कोरा कागद एवढंच आण. साडेअकरा ते दोन मधे जेवण माझ्याकडे, भाकरी आणि शेंगाची चटणी असेल. फोन माझ्या ड्रॉवरमध्ये राहतील, साडेचारला परत मिळतील.